भाकरी अखेर १.२१.१ मध्ये भाजली

माझा माइनक्राफ्टचा मॉड (गेममध्ये भर घालणारा कोड) गेमच्या दोन आवृत्त्यांसाठी गिटमध्ये दोन ब्रांचवर आहे. मागच्या वेळी ठरवल्याप्रमाणे चेरी-पिक (एकेक बदल उचलून दुसऱ्या ब्रांचवर नेणं) बंद केलं. आता प्रत्येक दुरुस्ती आधी १.२०.१ च्या (फोर्ज, म्हणजे मॉड चालवणारा लोडर) ब्रांचवर होते आणि तिथून १.२१.१ मध्ये (निओफोर्ज, फोर्जमधूनच फुटलेला लोडर) मर्ज होते. जुना पसारा एकदाच ‘-एस अवर्स’ मर्ज (समोरचे बदल न घेता ब्रांच जोडल्याची फक्त नोंद करणारा) मारून मिटवला. रिसोर्सलोकेशन या क्लासची (गेममधल्या गोष्टींचे आयडी धरणारा) कटकटही गेली. १.२१ पासून त्याचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट झालाय (बाहेरून थेट वापरता येत नाही), म्हणून मुख्य क्लासात स्वतःचं आयडी फंक्शन ठेवलं. यापुरता दोन ब्रांचमध्ये आता तेवढ्या एका ओळीचा फरक. फारच गोड वाटतंय हे.

मग भाकरी अडली. ज्वारीच्या भाकरीची रेसिपी १.२०.१ वर टाकली, चालली. १.२१.१ मध्ये मर्ज केली तर कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) नाही, बिल्ड हिरवा, लॉग स्वच्छ आणि क्राफ्टिंग टेबलवर काहीच नाही! कारण तसं सगळ्यांना माहीत असलेलं: १.२१ मध्ये ‘रेसिपीज’ फोल्डरचं ‘रेसिपी’ झालं, ‘लूट_टेबल्स’चं (काय फोडलं की काय मिळतं त्याच्या याद्या) ‘लूट_टेबल’. जुन्या नावाच्या फोल्डरकडे गेम ढुंकूनही बघत नाही, तक्रारही करत नाही.

पण एका बाजूने अख्खं फोल्डर हलवलं असेल तर दुसऱ्या बाजूची नवी फाइल गिट नव्या जागी नेतो ना? मी तर त्यासाठीची ‘मर्ज.डिरेक्टरीरिनेम्स’ ही सेटिंग मुद्दाम ट्रू करून ठेवलंय. (डीफॉल्टला तो कॉन्फ्लिक्ट दाखवून थांबतो.) लूट टेबलं नीट हलत होती, रेसिपीच नाही. रिनेम लिमिट (किती फाइली ताडून बघायच्या ती मर्यादा) वाढवून पाहिली, सिमिलॅरिटी (फाइल तीच मानायला लागणारं साम्य) ५० टक्क्यांवरून खाली आणली, ढिम्म. ग्राफिकल क्लायंटचा इथे शून्य उपयोग, तो ‘मर्ज यशस्वी’ म्हणून मोकळा. गुन्हेगार सापडला तो साध्या ‘गिट एलएस-ट्री’ने (ब्रांचमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड). दुसऱ्या एका मॉडशी जुळवून घेणारी कंपॅट रेसिपी १.२१.१ वर जुन्या ‘रेसिपीज’मध्येच पडून होती, कारण तो मॉड अजून १.२१ वर आलेलाच नाही. फोल्डर दोन्ही बाजूंना शिल्लक असेल तर गिट ते हललं असं मानतच नाही. एका मेलेल्या जेसनपायी (रेसिपी ज्यात लिहितात ती फाइल) सगळं! ती उडवली, मर्ज मागे घेऊन पुन्हा केला, आणि भाकरी बरोबर ‘रेसिपी’त जाऊन बसली.

गेम चालू केला तर लॉगमध्ये लाल ओळ: रिझल्टमध्ये ‘आयडी’ नाही. १.२०.५ पासून तिथे ‘आयटम’ चालत नाही. पण निदान गेम बोलला तरी. हाताने बदललं आणि भाकरी आली.

आता पुढचा बेत स्टोनकटर या साधनाचा होता, म्हणजे एकच ब्रांच आणि कमेंटमध्ये दोन्ही आवृत्त्यांचा कोड. मला ते वाचवत नाही, पण नाइलाज म्हणून वळणार होतो. हे लिहिता लिहिता वाटतंय, अडचण जावाची नाहीच, जेसनची आहे. मग सगळ्या रेसिपी डेटाजेनवर (जावा कोडमधून जेसन आपोआप बनवणं) का नेऊ नयेत? फोल्डर कुठलं, जेसनमध्ये ‘आयटम’ हवं का ‘आयडी’, हे ज्या त्या आवृत्तीचा गेमच ठरवेल. रेसिपी बनवणाऱ्या प्रोव्हायडर क्लासच्या मेथडची सिग्नेचर (ती काय घेते, काय देते) दोन्हीकडे वेगळी आहे, पण तिथे चुकलं तर कंपायलर ओरडतो, गप्प बसत नाही. स्टोनकटर तूर्त बाजूला.

वर्कट्री (प्रत्येक ब्रांचचं वेगळं फोल्डर) दोन आहेत तशाच राहतील. एकीला जावा १७ लागतं, दुसरीला २१, आणि एकाच फोल्डरमध्ये ब्रांच बदलली की ग्रॅडल (बिल्डचं साधन) पुन्हा सगळं आयात करत बसतो, ते नको. तोवर सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये) एक तपासणी टाकलीय: १.२१.१ वर ‘रेसिपीज’ नावाचं फोल्डर दिसलं की बिल्ड लाल. आता तीच ‘टॅग्ज’खालच्या ‘आयटम्स’ आणि ‘ब्लॉक्स’लाही लावतो.