गच्चीवर लावायचं ते तोंडी लावण्यापुरतं

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत आता गल्लीगल्लीत तीन मजली फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आहेत. आठ ते बारा बिऱ्हाडं, खाली पार्किंग, वर गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी, डिशच्या छत्र्या आणि उन्हाळ्यात कुरड्या-पापड. बाकी वर्षभर वर कोणी फिरकत नाही. तिथं सगळ्यांनी मिळून भाजी लावायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथंच सतरंज्या टाकून जेवायचं, हे जमण्यासारखं आहे. पण बाग एकाच्या डोक्यात आणि पंगत दुसऱ्याच्या डोक्यात असं झालं की दोन्ही फसतात. आधी पंगतीची तारीख ठरवावी आणि मग पेरणी, हा क्रम पाळावा.

दुसरं म्हणजे, चाळीस बादल्यांत वीस माणसांची भाजी पिकत नाही. एका पंगतीला अडीच किलो वांगी लागतात, ती आठवडी बाजारातून आणावीत, स्वस्तही पडतात. गच्चीवर लावायचं ते ज्यानं ताटाची चव बदलते ते: सांभार (म्हणजे कोथिंबीर), मिरची, भेदरं (टोमॅटो), पुदिना, लसणाची पात, मुळा, कढीपत्ता. हौसेपुरती चार-सहा वांग्याची झाडं. कोहळ्याचा वेल मात्र नकोच. तो अर्धी गच्ची खातो आणि देतो दोन कोहळी.

वजनाचा हिशेब

माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली नुसत्या काळ्या मातीनं भरली आणि पाणी दिलं की ती ३० किलोच्या वर जाते. हलक्या मिश्रणानं भरली तर २० ते २२ किलो. म्हणजे एका चौरस मीटरला सहाच बादल्या, त्याही हलक्या मिश्रणाच्या. गच्चीवर वाफे बांधून एक फूट माती भरायचा विचार कोणी मांडला तर तिथल्या तिथं नाही म्हणा. ओली माती फूटभर म्हणजे चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास.

पंगतीचाही भार असतो हे लोक विसरतात. खेटून बसलेली दोन माणसं म्हणजे १३० किलो. म्हणून बादल्या कडेनं, भिंतीच्या आणि बीमच्या रेषेत, आणि मधली जागा बसण्यासाठी मोकळी. इमारत जुनी असेल, खालच्या छताला ओल किंवा गिलाव्याला फुगवटा असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. गच्ची सामायिक असते, म्हणून सभेत ठराव करून वहीत लिहून ठेवा. तोंडी होकार पहिल्या गळतीपर्यंतच टिकतो.

बादली थेट स्लॅबवर ठेवू नका. दोन विटांवर ठेवली की खालून हवा खेळते, पाणी साचत नाही, झाडू फिरतो. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबला टेकलेल्या बादलीतली मुळं अक्षरशः शिजतात. भोकं तळाला पाच-सहा, करंगळीएवढी, आणि दोन बाजूला, तळापासून दोन बोटं वर. तळाची बुजली तरी बाजूची चालतात.

माती

आपली काळी कपाशीची माती शेतात सोन्यासारखी, बादलीत मात्र त्रासदायक. ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. बादलीत आकसली की कडेनं बोटभर फट पडते, वरून दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. खाली पाणी आलेलं दिसतं म्हणून माणूस समजतो, झालं. झाड मात्र सुकतं.

मिश्रण असं करा: काळी माती एक घमेलं, जाड रेती अर्धं, कुजलेलं शेणखत एक, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक. भंडारा-गोंदियाकडं धानाचा तूस फुकटात मिळतो, तो अर्धं घमेलं घाला, कोकोपीट तेवढं कमी. वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत नीट कुजलेलं हवं. हातात घेतलं की शेणाचा वास यायला नको, पावसानंतरच्या मातीसारखा यावा. अर्धकच्चं घातलं तर बादली आतून तापते, रोपांची मुळं जळतात आणि हुमणीची अळी फुकट येते.

वर कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) दोन बोटं थर द्या. तुरीचं, सोयाबीनचं, जे मिळेल ते. उन्हाळ्यात पाणी बरंच वाचतं. सोयाबीनच्या कुटारात दाणे राहिले असतील तर चार दिवसांत बादलीभर सोयाबीन उगवेल, ते उपटून तिथंच टाकायचं.

पाणी

भांडण कुठं होणार तर इथं. हिवाळ्यात एका बादलीला लिटर-दीड लिटर पुरतं. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ मिळून तीन ते चार लिटर. चाळीस बादल्यांना दीडशे लिटर झाले, आणि ज्या गावात नळ चार दिवसांआड येतो तिथं हे कोणी सहन करणार नाही, करूही नये. एप्रिल ते मृगापर्यंत दहाच बादल्या चालू ठेवा: मिरची, वांगं, पुदिना, कढीपत्ता. त्यांच्यावर ५० टक्के सावलीची हिरवी नेट. भेदरं तेव्हा ठेवून उपयोग नाही. पारा चाळिशीकडे निघाला की फुलं गळतात, फळ धरत नाही.

उरलेल्या बादल्यांची माती पाणी देऊन ओली करा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधा आणि महिना-दीड महिना तशीच राहू द्या. एरवी ज्या उन्हाला शिव्या घालतो तेच ऊन मातीतली बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी मारून टाकतं.

नेटची एक गोम आहे. चारही कोपरे तारेनं घट्ट आवळले तर मे महिन्यातल्या वादळात नेट खांबासकट जाते. दोन बाजू पक्क्या आणि दोन सुतळीच्या सरकगाठीनं बांधा. गाठ सुटली तर नेट फडफडेल, पण खांब राहील. टाकीच्या पाइपला काहीही बांधू नका.

अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा असेल तर बोअरचं पाणी जपून वापरा. पाणी उडून जातं, क्षार बादलीतच राहतात. मातीवर पांढरी पापडी आणि पानांच्या कडा जळालेल्या दिसल्या की ओळखा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी तर अजिबात घालू नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पावसाळ्यात बादल्या उघड्या ठेवा, चांगल्या दोन-तीन पावसांत क्षार धुऊन जातात. गच्चीच्या ५० चौरस मीटर भागाचं पाणी वळवलं तर २५ मिलिमीटर पावसात हजार लिटरची टाकी भरते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, त्यात कबुतरांची घाण असते.

तारखेपासून मागं मोजा

सांभार कापायला यायला ४० दिवस, थंडीत ५०. मेथी महिनाभरात. लहान कांदे लावले तर पात २५ ते ३० दिवसांत. मुळा ४५. मिरचीचं रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे आणि पुढं पहिल्या तोड्याला दोन महिने.

कोजागिरीला बसायचं असेल, तर मिरचीचं बी जूनच्या शेवटी टाकलेलं हवं आणि सांभार गणपतीच्या आगेमागे. पोरींची भुलाबाईची गाणी तोवर दारोदार सुरूच असतात, खिरापतीची फर्माईश गच्चीवरच्या मंडळींकडं येणारच. डिसेंबरच्या शेवटी रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) बेत असेल, तर भेदऱ्याची रोपं सप्टेंबरमध्ये लागलेली असावीत आणि सांभार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

सांभाराचे धणे पाटीवर हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा. दोन फूट बाय एक फूट क्रेटला दोन मोठे चमचे पुरतात. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल. किराणातले जुने धणे बहुतेक उगवत नाहीत, म्हणून आधी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. बारा दिवसांत बारा-तेरा तरी फुटले तर पेरा. एका क्रेटमधून साधारण पाव किलो मिळतो. चटणीला आणि वरून पेरायला दोन क्रेट बास. सांभारवडी मात्र गच्चीच्या भरवशावर ठरवू नका. वीस माणसांना चाळीस वड्या म्हटलं तरी निवडलेला सांभार सव्वा ते दीड किलो लागतो.

भेदऱ्याला आधार पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा, म्हणजे कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांचा. बाजारातल्या काड्यांना पैसे घालवू नका. पऱ्हाटी मात्र जुन्या बोंडांसकट आणू नका, त्यातून गुलाबी बोंडअळी पुढं जाते. बोंडं झाडून, दोन दिवस कडक उन्हात टाकून मग वर न्या.

वानरं

मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांना पाच टक्के निंबोळी अर्क चालतो. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवा. अर्धा किलो कुटून पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, पाणी घालून दहा लिटर करा, त्यात वीस ग्रॅम साबणाचा चुरा. ऊन उतरल्यावर फवारा, पंगतीच्या आठवड्यात नाही.

वानरांना मात्र अर्क नाही. काळ्या तोंडाची टोळी एका दुपारी भेदरी, शेंगा, कोवळी पानं सगळं साफ करते. लाल रिबिनी, चकाकत्या सीड्या, रबरी साप चार दिवस चालतात, पाचव्या दिवशी वानर त्याच सापाशेजारी बसून भेदरं खातं. खरा उपाय एकच, चारही बाजूंनी आणि वरून बंद जाळीचा पिंजरा, निदान भेदऱ्यापुरता. मिरची, पुदिना, लसूण बाहेर राहिले तरी बहुधा वाचतात. आणि कोणी शनिवारी वानरांना गच्चीवर केळी खाऊ घालत असेल, तर आधी त्या काकूंशी बोला. बाकी सगळं नंतर.

पंगतीच्या दिवशी

वीस माणसांना रोडग्यांची जाडसर कणीक अडीच किलो, कडकडीत तेलाचं मोहन पाव किलो, ओवा, मीठ. कोपरात (मोठ्या परातीत) पुरीपेक्षाही घट्ट मळा. तीन लहान पुऱ्या लाटून प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवा, मोठ्या पुरीत गुंडाळून गोळा करा. गोवऱ्यांचा जाळ गच्चीवर करू नका. स्लॅबमधल्या ओलीची वाफ होते आणि वरचा थर टवके उडून फुटतो, वॉटरप्रूफिंगही जातं. खाली मातीवर, पार्किंगच्या गाड्यांपासून दूर. ज्वाळा संपून गोवऱ्या पांढऱ्या पडल्या की मगच रोडगे आहारात (निखाऱ्यांत) पुरा, पाऊण तास ठेवा, दोनदा फिरवा. रोडगा बाहेरून काळा आणि आतून कच्चा निघतो तो घाईमुळं, ज्वाळेत टाकल्यानं किंवा कणीक सैल झाल्यानं. झालेला रोडगा फडक्यात धरून दाबला की कडकन तडकतो.

त्याच आहारात गच्चीवरची भेदरी आणि हिरव्या मिरच्या टाका. भेदऱ्याची साल फुगते, एका जागी फाटते आणि रस राखेवर पडून चर्र वाजतो. तेव्हा लगेच काढायचं, आणखी मिनिटभर ठेवलं तर हातात नुसतं पाणी येतं. साल सोलून खलबत्त्यात लसूण, मीठ, भाजलेले फल्लीदाणे (शेंगदाणे), मिरच्या आधी कुटा, भेदरं शेवटी, वर कच्चा सांभार. ही मिक्सरमध्ये करू नका, फेस होतो. तुरीचं वरण एक किलो डाळीचं, वांग्याची भाजी गंजभर (पातेलंभर), तूप हात न आखडता.

ताट-वाटी ज्याची त्यानं आणायची, म्हणजे भांड्यांचा ढीग एका घरावर पडत नाही. दिवा सतरंजीपासून लांब, टाकीच्या बाजूला लावा. डिसेंबरात नवानंतर दव पडतं, आठाला पानं वाढलेली बरी. एप्रिलमध्ये उलट, स्लॅब आठ-साडेआठपर्यंत गरम राहतो आणि त्यावर पाणी मारणं म्हणजे बागेचं पाणी वाया घालवणं. बादल्यांखाली ताटल्या ठेवल्या असतील तर आठवड्यातून एकदा पालथ्या करा, नाहीतर पाहुणे डास मारत जेवतील आणि डेंग्यूची भीती वेगळीच.

पाणी द्यायची पाळी जिन्यातल्या वहीत घरागणिक लिहा, दोन-दोन दिवसांची. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही, किंवा दोघंजण पाणी देतात आणि मिरची सडते. खर्चाची पावती त्याच वहीला टाचा. गावाला जाणाऱ्यानं आपली पाळी आपणच बदलून घ्यायची.

राहिली राख. दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावरच हात लावा, वरून गार दिसणाऱ्या राखेत आत इंगळ असतो. बादल्यांत ओतायचा मोह आवरा. आपली माती आणि पाणी आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कली), राखेनं ते वाढतं. कंपोस्टच्या ड्रमात एक-दोन मुठी टाका, बाकीची भांडी घासायला वाटून घ्या.