भातखंडे लिपीतल्या वह्या स्कॅन करून वाटताना

भातखंडे लिपी म्हणजे गाण्याचे स्वर-ताल कागदावर लिहायची पं. वि. ना. भातखंडे यांची पद्धत. तिच्यातल्या हस्तलिखित बंदिशींची ४१२ पानं होती. पहिली ६० दोनदा स्कॅन करावी लागली. मोबाइलच्या स्कॅनर अ‍ॅपमधला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोड बारीक ठिपके डाग समजून पुसून टाकतो. या लिपीत स्वराखालचा ठिपका म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वरचा म्हणजे तार (वरचं सप्तक). ठिपका गेला की मंद्रातला ‘नी’ मध्य सप्तकात जाऊन बसतो आणि शिकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ग्रेस्केलमध्ये ठिपके वाचले, पण कोमल स्वराखालची आडवी रेघ वहीच्या छापील रेघांत हरवली. शाई काळी, रेघा निळ्या. म्हणजे रंगीतच स्कॅन हवा. शेवटी फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर), ४०० डीपीआय (इंचाला ४०० बिंदू), ‘डस्ट रिमूव्हल’ बंद.

असं ए-४ पान टिफ या चित्र-फाइलच्या प्रकारात, न दाबता (कॉम्प्रेस न करता), सुमारे ४६ एमबी भरतं. सगळी पानं १९ जीबी, गूगलच्या फुकट १५ जीबीत न मावणारी. त्यामुळे मूळ टिफ दोन हार्डडिस्कवर ठेवले, एक डिस्क दुसऱ्या घरी. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) एका साध्या मजकूर फाइलमध्ये नोंदवला. दर सहा महिन्यांनी तो ताडून पाहतो. फाइल बिघडली असेल तर दुसरी प्रत शाबूत असतानाच कळतं.

वाटायला २०० डीपीआयचे पीडीएफ पुरतात. गूगल ड्राइव्हवर ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय टाळावा. एकेकाचा ईमेल घालून ‘व्ह्यूअर’ करावं आणि डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करावं. स्क्रीनशॉट तरीही निघतोच. पीडीएफवरची नुसती प्रिंटबंदी फुकटच्या साधनांनी मिनिटभरात उठते, तिच्या भरवशावर राहू नये. उघडतानाच मागितला जाणारा पासवर्ड, एईएस-२५६ सह (फाइल कुलूपबंद करणारी मजबूत सांकेतिक पद्धत) आणि पुरेसा लांब, खरा उपयोगी. तो फाइलसोबत पाठवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पान फोटो म्हणून टाकलं तर दाबलं जातं आणि पुन्हा ठिपक्यांवरच गदा येते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच.

घेणाऱ्याचं नाव प्रत्येक पानावर फिकट करड्या अक्षरांत घातलं. आधी ते तिरकं, पानाच्या मधोमध होतं. मात्रांचे कंस (एका मात्रेतले स्वर जोडणाऱ्या, स्वरांखालच्या कमानी) त्याखाली झाकले गेले. आता समासात असतं.

भातखंड्यांचं निधन १९३६चं, आणि भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या रचना मोकळ्या आहेत. हयात रचनाकारांच्या २३ बंदिशींचा फोल्डर वेगळा ठेवला. नऊंना लेखी होकार मिळाला; चौदा अजून कोणालाच दिसत नाहीत.