रंग किती खोल: मुंबईच्या जुन्या टाईल्सचा एक दिवसाचा फेरफटका

आधी दिवस ठरवा. सोमवार, मंगळवार किंवा गुरुवार चालेल. बुधवारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारची राणीची बाग दोन्ही बंद असतात. शुक्रवारी दुपारी मुघल मशिदीत जुम्म्याची नमाज, शनिवारी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, रविवारी चर्चमध्ये उपासना आणि वर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. सीएसएमटीच्या इमारतीचा आतला भाग कामाच्या दिवशी, दुपारनंतरच दाखवतात. मोहरमचे पहिले दहा दिवस आणि रमजान टाळावेत. तेव्हा मशिदीचा इमामवाडा रोड पाहायला जाणाऱ्यांसाठी नसतो. पावसाळाही टाळा, कारण ओल्या जमिनीवर टाईलचे खरे रंग कळत नाहीत आणि चपला काढून ठेवायच्या जागी चिखल असतो.

सोबत घ्यायचं सामान थोडकं: आधार कार्ड, सहा इंची पट्टी, मोबाईलचा टॉर्च, मोजे आणि डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल. पट्टी विसरू नका, तिचं काम पुढे येईल.

दिवसभर एकच प्रश्न मनात ठेवायचा: या टाईलचा रंग किती खोल आहे? वरच्या काचेच्या थरापुरता, तीनेक मिलीमीटर, की आरपार? मुंबईची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि लाखो पावलं यांच्यापुढे टाईल कशी टिकली, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

सुरुवात मुघल मशिदीपासून. स्लो लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरायचं. फास्ट इथे थांबत नाही. तिथून इमामवाडा रोड दहा-बारा मिनिटं चालत. ही शियापंथीय इराणी मशीद हाजी मोहम्मद हुसेन शिराझी या व्यापाऱ्याने 1860 मध्ये बांधली. हिला घुमट नाही, दोन मिनार आहेत, अंगणात हौद आहे आणि निळ्या इराणी टाईल्समुळे ती आजूबाजूच्या गर्दीत लांबून ओळखू येते. साडेआठ-नऊला पोचा. किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेकडे असल्यामुळे अंगणातून नमाजगृहाकडे पाहताना सकाळचं ऊन पाठीमागून येतं. दुपारनंतर तेच ऊन डोळ्यांवर येतं आणि निळा रंग काळा दिसायला लागतो. दारावर विचारून आत जा, चपला बाहेर, हात-पाय झाकलेले, आणि कोणी वजू (नमाजाआधी हात-पाय धुणं) किंवा नमाज करत असेल तर त्यांचे फोटो नकोत.

इराणी टाईलकामाच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि त्या ओळखायला दरज, म्हणजे दोन तुकड्यांमधला सांधा, पाहायची. दरज फुलाच्या, पानाच्या कडेकडेने वळत गेली असेल, तर ते ‘मुअर्रक’: प्रत्येक रंगाची टाईल वेगळी भाजून, आकारात कापून, तुकडे जुळवलेले. दरज सरळ रेषेत फुलाला चिरून जात असेल, तर ते ‘हफ्त रंगी’. त्यात चौकोनी टाईलवर आधी पांढरी झिलई (काचेचा पातळ थर) देऊन भाजतात. मग टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून नक्षी उतरवतात, तेलकट पदार्थात कालवलेल्या मँगनीजच्या काळ्या रेषेने बाह्यरेषा काढतात आणि मधले कप्पे रंगीत झिलईने भरून पुन्हा भाजतात. तेलकट रेष पाणीदार रंगाला शेजारच्या कप्प्यात जाऊ देत नाही. भट्टीत तेल जळून जातं, काळी रेघ उरते. अर्ध्या हातावरून पाहिलंत तर ही रेघ इतर रंगांपेक्षा किंचित खोलगट आणि निस्तेज दिसते.

दोन्ही पद्धतींत रंग झिलईतच असतो, म्हणजे मिलीमीटरपेक्षाही पातळ. बाहेरच्या भिंतीवर तो जातो तो वरून घासून नाही, मागून ढकलला जाऊन. दरजांतून पाणी आत शिरतं, भिंतीतले क्षार विरघळवतं, वाळताना ते क्षार झिलईच्या मागे स्फटिक होतात आणि झिलईची खपली उडते. आपल्याकडे ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणतात तोच प्रकार. म्हणून उघड्यावरची टाईल-भिंत पाहताना खालचे दोन-तीन फूट आणि पन्हळीजवळचा भाग आधी पाहावा. नुकसानाची सुरुवात बहुधा तिथेच होते.

तिथून भायखळा. एक स्टेशन मागे जायचं, पूर्वेला उतरायचं, राणीच्या बागेपर्यंत दहा मिनिटं चालायचं. संग्रहालय दहाला उघडतं, तिकीट नाममात्र आहे. वास्तू 1872 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून खुली झाली, 1975 मध्ये तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. 2003 ते 2008 या काळात तिची दुरुस्ती झाली आणि 2005 मध्ये त्या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान मिळाला. लोक इथे सोनेरी-हिरव्या छताकडे मान वर करून पाहतात. तुम्ही आधी खाली पाहा.

ही जमीन मिंटन या इंग्लंडमधल्या कंपनीच्या टाईल्सची. कारखाना ट्रेंट नदीच्या काठी, स्टोक-ऑन-ट्रेंटला. सॅम्युएल राइटने 1830 मध्ये एन्कॉस्टिक, म्हणजे वेगळ्या रंगाच्या मातीने नक्षी भरलेल्या, टाईलचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट मिंटनने ते तंत्र कारखान्याच्या प्रमाणावर आणलं. कृती अशी: प्लास्टरच्या साच्यात नक्षी उठावाने कोरलेली. त्यात मऊ माती दाबली की नक्षीच्या जागी खळगे पडतात. त्या खळग्यांत पाण्यात पातळ कालवलेली दुसऱ्या रंगाची माती ओततात, टाईल सावकाश वाळू देतात, मग वरचा थर तासून काढला की नक्षी लख्ख होते. त्यानंतर भट्टी. भरलेली नक्षी साधारण तीन मिलीमीटर खोल असते. टाईलच्या पोटात जाड माती, वर आणि खाली बारीक माती, असे तीन थर. खालचा थर नसेल तर भाजताना टाईल पापडासारखी वळते. सगळ्यात अवघड भाग आकसण्याचा. दोन माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या तर नक्षी कडेने सुटते किंवा तिला तडा जातो. टॉर्च जमिनीलगत आडवा धरा: नक्षी पार्श्वभूमीपेक्षा केसभर खाली किंवा वर दिसेल. छापील टाईलमध्ये हे कधीच दिसत नाही.

आता पट्टी काढा. एन्कॉस्टिकच्या जोडीला असतात एकरंगी भूमितीय टाईल्स. त्यांची माती जवळजवळ कोरडी, पुडीच्या रूपात प्रचंड दाबाखाली साच्यात दाबलेली असते (हे पेटंट 1840 चं, रिचर्ड प्रॉसरचं) आणि रंग आरपार असतो. त्यांची मापं सहा इंचांपासून उतरतात: 6, 4¼, 3, 2⅛, 1½. प्रत्येक माप आधीच्या मापाला दोनाच्या वर्गमुळाने भागून येतं. त्यामुळे लहान चौकोन मोठ्या चौकोनात तिरका ठेवला की कोपरे बरोबर कडांच्या मध्याला टेकतात आणि उरलेल्या जागेत त्रिकोण बसतात. हे एकदा कळलं की कितीही गुंतागुंतीची जमीन दोन-तीन मापांत उलगडते. एखाद्या जागी हिशेब चुकला आणि दरज जाड झाली, तर तिथे नंतरची डागडुजी आहे असं समजा. नव्या टाईल्स मिलीमीटरच्या मापाच्या असतात, 150 च्या. सहा इंच म्हणजे 152.4. दहा टाईल्सच्या ओळीत हा फरक 24 मिलीमीटर होतो आणि मिस्त्री तो दरजांत लपवतो.

संग्रहालयात जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मृत्पात्रंही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या पुढाकाराने तिथे हे काम सुरू झालं. नक्षी काही सिंधच्या परंपरेतून, काही अजिंठ्याच्या चित्रांतून घेतलेली. सकाळी मशिदीत पाहिलेल्या निळ्याशेजारी हा निळा मनात ठेवून बघा.

दुपारी नेव्ही नगर. भायखळ्याहून सीएसएमटी, पुढे बस किंवा टॅक्सी. मेट्रो 3 ने कफ परेडला उतरूनही टॅक्सी मिळते. सेंट जॉन चर्च, म्हणजे आपलं अफगाण चर्च, पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ उभारलं आणि 1858 मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. वास्तुरचना हेन्री कॉनिबिअरची, आतल्या सजावटीत विल्यम बटरफिल्डचा हात. जमिनीच्या भूमितीय टाईल्स इंग्लंडहून आलेल्या. दार बंद असेल तर आवारात रखवालदाराला विचारा. मधल्या वाटेवर उभे राहून कडेच्या बाकांखालच्या टाईल्सशी तुलना करा. आरपार रंगाची टाईल झिजली तरी नक्षी जात नाही, फक्त चमक जाते आणि कडा गोल होतात. परिसर नौदलाचा आहे, चर्चच्या बाहेर कॅमेरा बंद.

परतताना काळा घोड्याला केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, 1884 चं. दारावर ओळखपत्र मागतात आणि मूळ कार्डच लागतं. डोकं झाकायचं. आतल्या मिंटन टाईल्ससाठी पंधरा मिनिटं पुरतात.

तीनच्या सुमाराला सीएसएमटी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत 1878 ते 1888 या दहा वर्षांत उभी राहिली. उपनगरी तिकीटघर, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, ते एरवीही बघता येतं. सकाळी अकराच्या आधी आणि साडेपाचनंतर मात्र उभं राहायला जागा नसते. इथे जमिनीवर झिलई नसलेली आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यात झिलईची टाईल जवळजवळ पाहता येते. झिलई पायाखाली टिकत नाही आणि भिंतीवर पुसायला सोपी जाते, म्हणून ही वाटणी. मोबाईलने फोटो घेताना सहसा कुणी अडवत नाही, पण मोठा कॅमेरा किंवा ट्रायपॉड असेल तर रेल्वेची लेखी परवानगी लागते.

पायांत ताकद उरली असेल तर गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीच्या जुन्या इमारतींचे जिने पाहा. जिन्याच्या भिंतींवर सहा इंची, उठावाच्या रेषांची, देवादिकांची किंवा गुलाबाची चकचकीत टाईल दिसली तर ती जपानी मॅजोलिका, 1920-30 च्या दशकांतली. जमिनीवर मात्र बहुधा सिमेंट टाईल असते, भट्टीत न भाजलेली, हायड्रॉलिक दाबाने घडवलेली. 1922 मध्ये सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जने हे काम स्वदेशीच्या भावनेने मुंबईत रुजवलं. सिमेंट टाईलचा रंगाचा थर काही मिलीमीटरचा असतो आणि तो सिमेंटचाच असल्यामुळे ॲसिडने सरळ खाल्ला जातो. संडास-बाथरूमचं ॲसिड जमिनीवर ओतून ‘चमकवलेल्या’ कितीतरी जुन्या जमिनी या शहरात कायमच्या फिक्या पडल्या आहेत. भाजलेल्या टाईलला ॲसिड लगेच दिसेल असं खात नाही, पण दरजांतला चुना खातं आणि मागे नवे क्षार सोडतं. घरी अशी जमीन असेल तर कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं पुसणं एवढंच करा. वर लॅकर किंवा पॉलिशचा बंद थर देऊ नका. खालून येणारी ओल अडकते आणि टाईल सुटते. टाईल हलत असेल, बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर मिस्त्रीला घट्ट सिमेंट भरू देऊ नका, चुन्याचा मसाला मागा. काढताना मशीन न लावता आधी दरज हाताने खरवडायची आणि सुटलेल्या प्रत्येक टाईलच्या पाठीचा फोटो घ्यायचा: कारखान्याचा शिक्का असला तर तिथेच असतो.