विंचुका राहतो कुठे?

विंचुका म्हणजे ट्रायटोमा इन्फेस्टान्स, साऊथ अमेरिकेतला किसिंग बग नावाचा किडा. इंचभर लांब, रात्री झोपलेल्या माणसाचं रक्त पितो. चावण्यापेक्षा वाईट म्हणजे पिऊन झालं की तिथेच घाण करतो, त्या विष्ठेत शागास रोगाचे परजीवी असू शकतात, माणूस झोपेत खाजवतो आणि ते आत शिरतात, मग कधीकधी कित्येक वर्षांनी हार्ट निकामी व्हायला लागतं.

पण मला जास्त अस्वस्थ करतं ते त्याचं घर. मुळात हा बहुतेक बोलिव्हियाचा, कोचाबांबाकडच्या डोंगरात खडकांच्या फटीत रानटी गिनीपिगच्या रक्तावर जगणारा, अजूनही तिथे तसा सापडतो. माणसं गिनीपिग घरात पाळायला लागली तसा तोही घरात आला असावा, आणि पुढे माणसांच्या सामानातून पेरू, चिली, अर्जेंटिना, पराग्वे, उरुग्वे, ब्राझील असा पसरत गेला. डार्विनला पण मार्च १८३५ मध्ये अर्जेंटिनातल्या मेंडोझाजवळ हाच चावला, अंगावरून फिरतो तेव्हा किती किळस येते ते त्याने लिहून ठेवलंय.

आता तो कुठल्या घरात राहतो बघा, कच्च्या विटांच्या नाहीतर आपल्याकडच्या कुडासारख्या भिंती, तडे गेलेल्या, वर गवताचं छप्पर, बाजूला कोंबड्यांचं खुराडं आणि बकऱ्यांचा वाडा. दिवसा फटीत, रात्री बाहेर. गिलावा केलेल्या पक्क्या घरात त्याला लपायला जागाच नसते, म्हणजे हा रोग मुळात गरिबाच्या भिंतीतून येतो.

१९९१ पासून सहा देशांनी मिळून घरोघरी फवारणी केली आणि खरंच फरक पडला, या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचं उरुग्वेत १९९७ ला, चिलीत १९९९ ला आणि ब्राझीलमध्ये २००६ ला जाहीर झालं.

राहिला ग्रान चाको, अर्जेंटिना, बोलिव्हिया, पराग्वेमधला कोरड्या जंगलाचा पट्टा. तिथे घर फवारलं तरी वाड्याच्या लाकडांत किडे उरतात, उन्हापावसात औषधाचा जोर लवकर ओसरतो, मग तेच परत घरात. त्यात अर्जेंटिनातल्या साल्ता प्रांतात आणि दक्षिण बोलिव्हियात औषधाला न जुमानणारे किडे निघालेत, आणि झाडांच्या ढोलीत राहणारे रानटी वेगळेच! मला वाटतं तिथे फवारणीच्या जोडीला भिंतींना गिलावा आणि वाडे घरापासून लांब हलवायला पैसे दिले पाहिजेत, नुसता पंप घेऊन दरवेळी तेच घर फवारून भागणार नाही.