न धुतलेले दुपटे

लेक घरी आली तेव्हा सात महिन्यांची होती. कागदपत्रांच्या फाइलसोबत दत्तक संस्थेने तिचे एक विटलेले पिवळे दुपटेही दिले होते. ते माझ्या हातात देताना तिला सांभाळणाऱ्या ताईंनी बजावले, "इतक्यात धुऊ नका हं. तिला याचाच वास ओळखीचा आहे." मी मान डोलावली, त्यांच्या बोलण्याचा अर्थ मात्र मला त्या रात्री कळला.

त्याआधीची नऊ वर्षे उपचारांत गेली होती. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणतात, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या मला पाठ झाली होती. जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी याला सामोरे जावे लागते, असे याच संघटनेने २०२३ साली सांगितले. पण माझ्या आजूबाजूला तसे कोणीच दिसत नव्हते, कारण याविषयी कोणी बोलतच नाही. आयव्हीएफ, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचा उपचार, चार वेळा झाले. दर वेळी गर्भरोपणानंतरचे ते जीवघेणे दिवस, गर्भ टिकावा म्हणून घेतलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी कमरेखाली आलेल्या गाठी, आणि तीनदा शेवटी रक्ताच्या अहवालातला पाचपेक्षा कमी आकडा, म्हणजे गर्भ राहिलेला नाही. फक्त तिसऱ्या वेळी गर्भ राहिला आणि नवव्या आठवड्यात गेला. त्याविषयी मला आजही फारसे लिहिता येत नाही.

दत्तकाचा अर्ज आम्ही लगेच केला नाही, हे बरे झाले. गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेने मला शांतपणे विचारले, "जे बाळ तुम्हाला झाले नाही, त्याचे दुःख करून झाले आहे का?" मी रडले. तिने पाणी दिले, वही मिटली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात दत्तकाच्या बाबतीत बालकाचे हित सर्वोच्च मानले आहे, हे मी वाचले होते. पण माझे दुःख घालवण्याचे काम एका तान्ह्या जिवावर टाकता येणार नाही, असा त्याचा माझ्यापुरता अर्थ मला त्या दुपारी उमगला.

त्या पहिल्या रात्री लेकीने बाटली तोंडात घेतली नाही. ती दाराकडे बघून रडत होती. या वयाचे मूल ओळखीची आणि परकी माणसे नेमकी वेगळी करू लागते, आणि जिने नऊ वर्षे वाट पाहिली ती मी तिच्या लेखी परकीच होते. आमची प्रतीक्षा संपली त्याच दिवशी तिचे सगळे ओळखीचे जग सुटले होते: तो पाळणा, ते आवाज, ते हात. शेवटी मी दुपटे तिच्या गालाशी धरले. त्याला साबणाचा, दुधाचा आणि दुसऱ्या कोणा बाईच्या अंगाचा वास होता. त्याचा कोपरा अंगठ्याने चोळत चोळत ती झोपली, आणि मी त्या अनोळखी वासाचे मनोमन आभार मानले.

आमच्याकडे वळायला तिला तीन आठवडे लागले. या काळात भेटायला आलेल्या अनेकांनी प्रेमानेच म्हटले, "आता बघ, तुला स्वतःचेही होईल." दत्तक घेतल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढते, या समजुतीला काही आधार नाही. पण मला खुपला तो "स्वतःचे" हा शब्द. मांडीवर असलेली ही मुलगी मग कोणाची? ती ऐकते आहे, हे तरी मोठ्या माणसांनी लक्षात ठेवावे.

आता ती चार वर्षांची आहे. तिच्या जन्माची गोष्ट आम्ही तिला बोलता येण्याआधीपासून सांगत आलो, म्हणजे ती तिला कधी अचानक कळणार नाही. दुपटे कपाटात, तिच्या फाइलशेजारी, पिशवीत बंद करून ठेवले आहे. कधी ती ते मागून घेते, कोपरा नाकाशी नेते, "त्या ताईंचा वास गेला का गं?" असे विचारते आणि घडी घालायला माझ्याकडे देते. मी ते अजून धुतलेले नाही.