थोरला भाऊ तिथे कसा आला?

पिक्चर बघताना, वाचताना 'यात येशूचं नाव आहे का' एवढंच मी वर्षानुवर्षं शोधायचो, आणि खरं सांगू, त्या नादात कितीतरी बंडल सिनेमे निव्वळ विषय चांगला म्हणून सहन केले. ते खूळ उतरवलं डच चित्रकार रेम्ब्रांटने. १६६९ ला तो वारला, त्याच्या जरासंच आधी येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर (आपला वाटा उडवून घरी परतलेला धाकटा, त्याला जवळ घेणारा बाप आणि त्यावरून रुसलेला थोरला भाऊ, अशी ती गोष्ट) त्याने भलंमोठं चित्र काढलं, आता ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मी आपला मोबाईलवर झूम करून बघत बसलो. गुडघ्यावर बसलेला पोरगा, डोकं भादरलेलं, डाव्या पायातली चप्पल निसटलेली, तळवा उघडा. चेहरा धड दिसत पण नाही! बापाचे हात त्याच्या पाठीवर, आणि नीट बघा, एक हात रुंद दणकट वाटतो, दुसरा नाजूक.

पण मला अडकवलं उजवीकडच्या उभ्या माणसाने. बहुतेक जण त्याला थोरला भाऊ मानतात. आता बायबलमधला लूक १५ काढा, जिथे ही गोष्ट आहे, बाप धाकट्याला मिठी मारतो तेव्हा थोरला शेतात असतो, गाण्याबजावण्याचा आवाज त्याला नंतर येतो. मग रेम्ब्रांटने वचन बदललं की काय? मला नाही वाटत, त्याने दोन प्रसंग एकाच फ्रेममध्ये आणलेत, आणि हात गुंतवून गप्प उभा असलेला तो माणूस बघून मला मीच आठवलो, सगळे नियम पाळणारा आणि आतून धुमसणारा.

बाय द वे, फाटक्या कपड्यातल्या त्या पोराच्या कमरेला अजून कट्यार आहे. सगळं उडवलं, मग ती का नाही विकली त्याने?