निफाडच्या थंडीत एम.एम. ५४०: पहाटेच्या स्टार्टिंगची नोंदवही

१० डिसेंबर

वडिलांनी जुन्यात घेतलेली आमची महिंद्राची एम.एम. ५४० डिझेल जीप वर्षातले दहा महिने पहिल्या सेल्फला सुरू होते. पण पारा ८ अंशांच्या खाली उतरला, की पहाटे हटून बसते आणि नऊचे ऊन बोनेटवर आले की विनातक्रार चालू होते. द्राक्षबागेची पहाटेची धावपळ नेमकी याच दिवसांत असते. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, विहिरीचे त्यामानाने उबदार पाणी ठिबकमधून सोडायचे, आणि त्यासाठी पाचच्या आत मळ्यात पोहोचायचे असते. दोन हिवाळ्यांपूर्वी बॅटरी बदलली, गेल्या हिवाळ्यात एका गॅरेजमध्ये सेल्फ बदलून झाला. दुखणे होते तिथेच राहिले. यंदा मोजल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही असे ठरवून ही नोंदवही लिहीत आहे. याच इंजिनाची जीप बाळगणाऱ्यांना त्यातील आकडे उपयोगी पडावेत, हा हेतू.

इंजिन प्यूजोचे एक्सडीपी ४.९०. नावातच त्याचे माप आहे: ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८३ मिलिमीटर, म्हणजे २११२ सीसी. यात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधील लहान कोठडीत फवारले जाते. इंजिन गार असताना त्या कोठडीच्या भिंती दाबलेल्या हवेतील उष्णता शोषून घेतात, त्यामुळे नुसत्या कॉम्प्रेशनवर डिझेल पेटण्याइतकी ऊब उरत नाही. म्हणून प्रत्येक कोठडीत विजेवर तापणारा एक हीटर प्लग दिलेला असतो. हे लक्षात घेतले, की थंडीतल्या स्टार्टिंगचे तीनच प्रश्न उरतात: डिझेल पोहोचते का, इंजिन पुरेशा वेगाने फिरते का, आणि कोठडी तापते का.

११ डिसेंबर, पहाटे ५.१०, तापमान ७ अंश

ओट्यावरच्या मिस्त्रीकाकांचे सांगणे आहे, "आधी धूर बघा, मग पाना उचला." त्याप्रमाणे सेल्फ मारताना मुलाला टॉर्च घेऊन सायलेन्सरपाशी उभे केले. तिसऱ्या सेल्फला पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येऊ लागला. तो न जळलेल्या डिझेलचा असतो. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत होते आणि पेटत नव्हते. धूर मुळीच दिसला नसता, तर फिल्टर, पंप आणि एअर धरल्याची (डिझेलच्या नळीत हवा अडकल्याची) शंका आधी तपासली असती. डिझेल गोठल्याची शंकाही इथेच मिटली. लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहते राहणारे खास डिझेल बाजारात आणावे लागले. पण आमच्या टाकीतले डिझेल नोजलमधून फवारले जात आहे, हे तो धूर सांगत होता.

एक गोष्ट कळकळीने लिहितो. आपल्याकडे अशा वेळी हवेच्या नळीशी पेटता बोळा धरतात किंवा ईथरचा फवारा मारतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथर कदापि मारू नये. लालबुंद प्लगशी गाठ पडताच ते पिस्टन वर पोहोचण्याआधीच भडकते, आणि रिंगांमधला पिस्टनचा काठ तुटू शकतो.

१३ डिसेंबर

बॅटरी तपासली. रात्रभर उभ्या गाडीवर १२.५ व्होल्ट, हायड्रोमीटरवर (अॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीवर) पाच सेल १.२५० आणि सहावा १.२३०. चार्जिंगनंतर सहाही सेल १.२६० च्या वर गेले. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी गार ऑइलमुळे सेल्फ जास्त करंट ओढतो, हे खरे. पण ही बॅटरी निर्दोष आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी काढून टाकलेली बॅटरीही बहुधा निर्दोषच असावी.

१४ डिसेंबर

या नोंदवहीतला सर्वांत महत्त्वाचा दिवस. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारत मल्टिमीटरने एकेक जागा मोजली. बॅटरीच्या दोन टोकांवर १०.४ व्होल्ट होते, पण सेल्फच्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत फक्त ८.६. मधले १.८ व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरत होते. पॉझिटिव्ह केबलवर ०.४ मिळाले, जे चालण्यासारखे आहे. मग एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली: १.४ व्होल्ट. अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याच्या वाटेवर, अर्ध्या व्होल्टहून अधिक उतार मी तरी सोडून देणार नाही.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे सेल्फचा सगळा करंट चॅसीकडे परतायला तांब्याच्या विणलेल्या पट्टीचाच रस्ता असतो. गाडीखाली पाठीवर सरकत जाऊन ती पट्टी पाहिली. वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट सोडल्यावर थिंबलखाली (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) चॅसीचा काळा रंग जसाच्या तसा निघाला. चॅसी रंगवताना पट्टी बाजूला करून रंग दिला होता आणि वाळलेल्या रंगावरच ती पुन्हा कसली होती. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा स्पर्श होत होता, तेवढ्यावर जीप इतकी वर्षे चालत होती. पाच-सहा सेल्फ मारल्यानंतर अॅक्सिलरेटरच्या केबलचे आवरण हाताला कोमट लागायचे, त्याचाही उलगडा झाला: पट्टीने नाकारलेला करंट त्या केबलमधून वाट काढत होता.

दोन्ही बाजूंचा धातू सँडपेपरने पांढराशुभ्र केला, पट्टी नवी घातली, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला आणि वरून व्हॅसलीन लावले. पुन्हा मोजले तेव्हा अर्थिंगचा उतार ०.१५ व्होल्ट आणि सेल्फवर १०.० व्होल्ट. आवाजातला फरक तर मीटरशिवायही कळत होता; कण्हल्यासारखा फिरणारा सेल्फ ठणठणीत फिरू लागला. हीटर प्लगचा करंटही इंजिनच्याच बॉडीतून परततो, त्यामुळे त्यांची तपासणी अर्थिंगनंतरच करणे योग्य होते.

१७ डिसेंबर

पहाट सुधारली, पण पूर्ण नाही: चौथ्या सेल्फला, खोकत, दोन सिलिंडरवर. प्लगांना जोडणारी पट्टी काढून प्रत्येक प्लग सुटा मोजला. पहिला ०.९ ओहम, तिसरा ०.८, दुसरा आणि चौथा मेलेले. प्लग समांतर जोडलेले असल्यामुळे दोन गेले तरी उरलेले दोन तापत राहतात आणि डॅशबोर्डवर काहीच कळत नाही. पट्टी न काढता मोजले असते, तर चांगल्या प्लगांच्या आडून मेलेले प्लगही ठीक वाटले असते. चारही नवे बसवले. जुने प्लग निघालेले असतानाच मिस्त्रीकाकांनी त्याच भोकांतून कॉम्प्रेशन पाहून घेतले. चार सिलिंडरांत सर्वाधिक फरक २ बारचा आला, म्हणजे रिंगांची चिंता नाही.

१९ डिसेंबर

नवे प्लग घालूनही मनासारखी गरमी येईना. प्लग चालू असताना बॅटरीवर ११.६ आणि प्लगांच्या पट्टीवर ९.१ व्होल्ट मिळाले. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते. म्हणजे हव्या त्या उष्णतेच्या जेमतेम ६२ टक्के. पूर्वी कोणीतरी वायरिंग करताना हा सगळा करंट बारीक वायरीने डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरवला होता. आता स्विच फक्त रिले (मोठा करंट जोडणारा विजेचा खटका) ओढतो; बॅटरीपासून फ्यूज, ७० अँपिअरचा रिले आणि १० चौरस मिलिमीटरची वायर, असा सरळ रस्ता केला आहे. पट्टीवर आता ११.१ व्होल्ट मिळतात.

२२ डिसेंबर

ऑइल बदलायला आलेच होते, म्हणून २०डब्ल्यू-४० ऐवजी १५डब्ल्यू-४० भरले. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो. इंजिन गरम झाल्यावर दोन्ही सारखेच.

२७ डिसेंबर, पहाटे ४.५०, तापमान ५.५ अंश

या हिवाळ्यातली आतापर्यंतची सर्वांत गार पहाट. हीटर २० सेकंद, पाऊण अॅक्सिलरेटर, आणि पहिल्याच सेल्फला तीन सेकंदांत चारही सिलिंडर. पांढरा धूर अर्धा मिनिट राहिला आणि विरला.

एक काम बाकी आहे. सुरू झाल्यानंतर आठ-दहा सेकंदांनी इंजिन एकदा दचकते आणि सावरते. फिल्टरच्या आधी काही दिवसांसाठी पारदर्शक नळी बसवली आहे. त्यात पहाटे मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा दिसतो, जो संध्याकाळी नसतो. रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरत असावे. हातपंपाचा व्हॉल्व्ह आणि फिल्टरच्या बोल्टखालची तांब्याची वॉशरे, या क्रमाने पाहणार आहे. वॉशरे आणून ठेवली आहेत.